नागूबाईची खारी जमीन

नागूबाई माती चाखायची. चिमूटभर जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि निकाल द्यायची. कोलशेतला आमच्या कंपनीच्या वसाहतीमागे, खाडीलगत तिचं भाताचं खाचर होतं. मी कंपनीत केमिस्ट. माझ्या दिमतीला अख्खी लॅब, त्यामुळे मातीतलं मला अर्थातच जास्त कळत होतं.

ऐंशीच्या दशकाअखेरीस मी एका ऑस्ट्रेलियन पुस्तकातून पर्माकल्चर शिकलो. पावसाचा थेंब वाया घालवायचा नाही, चर खणून पाणी जिरवायचं, माती पाचोळ्याने झाकायची. पुस्तक कोरड्या डोंगरउतारासाठी लिहिलेलं होतं, ही किरकोळ बाब मी मनावर घेतली नाही. क्वार्टरमागे चर खणले, पपया लावल्या आणि वसाहतीला भाषणही दिलं.

नागूबाई बांधावरून बघत होती.

"सायेब, पानी कोंडतंस कनाला?"

"जमिनीत मुरावं म्हणून."

"पयले दोन पाऊस मिठाचे. त्याना जाऊ दे. मंग आपला."

मी तिला क्षार पाण्यात कसे विरघळतात ते समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. जुलैत चर तुडुंब भरले, जमिनीखालचं मीठ विरघळून वर आलं आणि पपया करपल्या. अगदी मी समजावलं होतं तसंच.

"बरा झाला," ती म्हणाली, "आता मिठागर काढ." आणि स्वतःच कुदळीने चरांची तोंडं फोडून दिली.

पुढच्या वर्षी पहिलं पाणी खाडीत सोडलं, उंच वरंबे केले, पाचोळा पाऊस सरल्यावरच घातला. वांग्यांनी वाकलेली झाडं बघायला सगळी वसाहत आली. मी पुन्हा भाषण दिलं. त्यात नागूबाईचं नाव नव्हतं. ती कुंपणाशीच उभी होती.

नव्वदच्या दशकात घोडबंदर रोडच्या बाजूने इमारती सरकत आल्या. मुलांनी खाचर विकलं. नागूबाई दिवा स्टेशनजवळ मुलीकडे राहायला गेली, तिसऱ्या मजल्यावर. पाणी दिवसाआड. मी भेटायला गेलो तेव्हा तिने गॅलरीत फुटक्या टबांमध्ये अळू आणि माठ लावला होता. माती पाचोळ्याने जाड झाकलेली. आंघोळीचं पाणी ती वाटीवाटीने घालत होती. डास होतात म्हणून शेजारणी कुरकुरत होत्या.

"हितं मीठ नाय, पानीबी नाय," ती म्हणाली. "हितं थेंब सोरायचा नाय."

मी धीर करून म्हणालो, "नागूबाई, तेव्हा भाषणात तुमचं नाव घ्यायचं राहिलं."

"राहिला नाय. तू घेतलास नाय."

मग तिने अळूची पानं कापून दिली. "वड्या कर. चिंच घाल, नायतर घसा खाजंल."

वर्षभराने ती गेली. तेराव्याला गेलो, तर दोन दिवस टँकर आला नव्हता. तरी मजल्यावरच्या त्याच कुरकुरणाऱ्या शेजारणी आपापल्या घरचं आंघोळीचं पाणी बादलीतून आणून नागूबाईच्या टबांत ओतत होत्या.

"काका, जरा सरका," एक जण म्हणाली. "पाणी सांडेल."

मी बाजूला झालो.