रक्ताचं विरजण

पाहुण्याला कोणी चहा देतं, कोणी पानाचं तबक पुढे करतं. महाडचे अण्णा डॉक्टर स्वतःच्या बोटाला सुई टोचत, रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत आणि म्हणत, “या, बघा! त्या बारीक चकत्या दिसल्या? कशा एकमेकींना बिलगल्यात, लबाड!” आम्हाला लालसर धुक्याखेरीज काही दिसत नसे. तरी “वा!” म्हणायचं. चहा त्यानंतरच मिळे.

पोलादपूरच्या बाजाराच्या दिवशी ते माझ्या पडवीत दवाखाना मांडीत. मी तिथला नवा शाळामास्तर. एकदा पौषात कापडे गावच्या चौघांनी ढाकू नावाच्या पोराला झोळीत घालून आणलं. राबासाठी, म्हणजे भाताची जमीन भाजायला, फांद्या तोडताना कोयता त्याच्या डाव्या दंडात बसला होता. जखमेवर धोतराची घडी दाबली होती खरी, पण त्याची आई भागीबाय वाटभर “थांबलं काय?” म्हणत ती उचलून बघत आली होती, आणि दर वेळी रक्त नव्याने सुरू होत होतं. ढाकूचे ओठ पांढरे पडले होते.

अण्णांनी स्वच्छ कापड ठेवून तळव्याने जखम दाबली. भागीबायचा हात पुन्हा पुढे आला.

“जरा बगू द्या की. माजा पोर हाय!”

“दही लावतेस ना गो? मग लागलं का बघायला घटकेघटकेला मडकं ढवळतेस?”

“ढवळल्यावर दही लागंल काय?” ती फणकारली. मग डोळे बारीक करून म्हणाली, “पर हितं इरजण घातलं कुनी? तुमी तर कायबी घातलं नाय.”

अण्णा आनंदाने नखशिखांत हलले. तळवा तेवढा जागचा हलला नाही. “मास्तर, ऐकलंत? इतकी वर्षं वकिलांना, मामलेदारांना रक्त दाखवतोय, एकानेही हे विचारलं नाही!” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “विरजण त्याच्याच रक्तात आहे, बाय. चीर पडली की बारीक चकत्या तिथे चिकटतात, फुटतात आणि पोटात साठवलेलं बाहेर सोडतात. त्याने शीर आवळते, रक्त थिजतं. आपण दाबून धरायचं आणि त्यांना काम करू द्यायचं.”

त्यांनी तिचाच तळवा जखमेवर ठेवला. “घे. आता मडकं तुझं.”

काय पहारा दिला तिने! पोलीस पाटील वाकून म्हणाले, “उचल बघू जरा.”

“लांब रावा, पाटील! बोटं तोडीन!”

अर्ध्या तासाने अण्णांनी मान हलवली. तिने डोळे मिटून हात उचलला. आम्ही श्वास रोखून वाकलो. एक थेंब नाही!

“जमलं रं, जमलं!” ती किंचाळली. टाके घालायच्या आधी अण्णांनी सगळ्या बाजाराला हाक घातली, “या रे, बघून जा! लांबून!”

शिमग्याला अण्णा मला कापड्याला घेऊन गेले. ढाकू पालखीखाली बेभान नाचत होता. भागीबायने डॉक्टरांना बाहीला धरून आत ओढलं. चष्मा एका कानावर लोंबतोय, तोंडात गुलाल गेलाय, आणि अण्णा नाचतायत!

पुढच्या पावसाळ्यात ते तापाने गेले. पण कसे होते म्हणून कोणी विचारलं, की मी त्यांना त्या पालखीखालीच उभं करतो. ढाकूच्या शेजारी ते धडाधड चुकीची पावलं टाकतायत आणि भागीबाय मागून ओरडतेय, “डावा पाय, डाक्तर, डावा!”