गाण्यात खोकला नको

नाशिकच्या स्टँडवर मुंबईची एसटी सुटायच्या बेतात होती आणि माय खिडकीखाली उभी राहून मला बजावत होती की तिकडे कोणाचं उष्टं पाणी पिऊ नको. मी मस्कतच्या इस्पितळात नर्स म्हणून निघाले होते, म्हणजे लोकांचं उष्टंखरकटं काढण्यातच जन्म जाणार होता. मला हसू आलं. धाकटी बहीण सुनी रडत होती. मी जातेय म्हणून कमी आणि माझा वॉकमन जातोय म्हणून जास्त, अशी मी तिची थट्टाही केली. तेवढ्यात माय पदराआड खोकली. सटाण्याहून धूळ खात आलोय, घसा बसणारच, असं म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला.

तुमच्यातले जे त्या काळात बाहेर गेले त्यांना आठवत असेल, केबलवर दर रविवारी पॉप गाण्यांची उलटी मोजणी लागायची. दहा नंबरपासून एक नंबरपर्यंत. काल कोणाला माहीत नसलेला पोरगा आज चार नंबरवर असायचा आणि महिन्याभरात गायब. टीव्हीला वायर जोडून रेकॉर्डिंग करतात हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि घरातल्या सगळ्यांनी तासभर तोंड मिटून बसायचं. पंखासुद्धा बंद. सुनी माझ्यासाठी अशा कॅसेटी भरायची आणि मालेगावचं कोणी मस्कतला निघालं की त्याच्या हाती पाठवायची.

शुक्रवारी हॉस्टेलच्या पोरी माझ्या खोलीत जमायच्या. ताजे नंबर फक्त माझ्याकडे, त्यामुळे माझा भाव भलताच वधारला होता. आठवडाभर घरासाठी तुटणारा जीव त्या एका तासात थाऱ्यावर यायचा. फक्त एका कॅसेटमध्ये तीन नंबरच्या गाण्यात, ऐन कडव्यात, खोकला ऐकू आला. पुढच्या कॅसेटमध्ये दोन गाण्यांत. त्याच्या पुढच्या कॅसेटमध्ये जवळजवळ प्रत्येक गाण्यात. केरळची लिसी छातीच्या वॉर्डात ड्यूटी करायची. तिने टेप थांबवून विचारलं, हे कोण खोकतंय, आणि म्हणाली की थुंकी तपासून घ्यायला सांग. मी म्हणाले, शेजारच्या बाई आहेत. सगळ्या पोरींसमोर मला मायच्या खोकल्याची लाज वाटली, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात मी सुनीला पत्र लिहिलं. तपासणीबद्दल एक अक्षर नाही. रेकॉर्डिंग स्वच्छ हवं, इथे चार लोक ऐकतात, गाण्यात खोकला नको, असं नाकाने कांदे सोलत लिहिलं.

पुढच्या कॅसेटी खरोखरच स्वच्छ आल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला दाराची कडी लागल्याचा आवाज यायचा आणि मग दहा नंबरचं गाणं. मी खूश होते. नर्स असून वर्षभर मी ती कडी ऐकली आणि दार कोणासाठी लावतात हे एकदाही विचारलं नाही. फोनवर माय म्हणायची, "आठे बठ्ठं बरं शे." इकडे सगळं बरं आहे, मला तेवढंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या वर्षी सुनीचा फोन आला तेव्हा मायला नाशिकला दवाखान्यात हलवलं होतं. टीबी होता आणि फार उशीर झाला होता. मी पोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी माय गेली. नंतर सुनीने सांगितलं की पत्र आल्यापासून दर रविवारी कार्यक्रम लागायच्या आधी माय आपणहून उठायची. "मी ओटावर जास. ताईना गानामा मना खोकला नको," म्हणायची आणि बाहेर जाऊन बसायची, थंडीतसुद्धा. मग सुनी आतून कडी लावायची.

त्याला आता दहा वर्षं होत आली. मी अजून मस्कतलाच आहे. ती सगळी गाणी हल्ली एकाच सीडीवर मिळतात, धुऊनपुसून लख्ख केलेली. इथल्या लग्नांत ते तीन नंबरचं गाणं लागलं की लोक नाचायला उठतात. मी खुर्चीतच त्या कडव्याची वाट बघत बसते, आणि तिथे काहीच ऐकू येत नाही.

सटाण्याच्या आमच्या त्याच दोन खोल्यांत आता सुनी राहते, नवरा आणि दोन पोरांसोबत. मला विचाराल तर माझं घर आता त्या भिंतींत नाही, फोनवर पलीकडून जे ऐकू येतं त्यात आहे. म्हणून मी कान देऊन ऐकते. गेल्या रविवारी बोलता बोलता सुनी मध्येच गप्प झाली. रिसीव्हरवर हात दाबल्याचा आवाज आला आणि तो हात बराच वेळ तसाच राहिला. परत बोलू लागली ती हसतच. वारा सुटलाय, घसा धरलाय, म्हणाली. त्याच्या आधीच्या रविवारी, आणि त्याच्याही आधीच्या रविवारी, तिच्याकडे वाराच सुटलेला होता.

मी म्हणाले, "सुनी, हात काढ. मना कानमा खोक."

ती आधी नाही म्हणाली. मग खोकली. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी रजेचा अर्ज टाकला.