रांगेच्या तोंडाशी म्हैस

"अहो, माझं टर्बाइन गंजतंय आणि तुम्ही मला रांग दाखवता?"

साखर कारखान्याचे इंजिनियर आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये असे ओरडले की त्या दिवशी बाहेर निशातगंज चौकातल्या कबुतरांनी दाणे टिपले नाहीत. गृहस्थ सांगलीकडचे, संतापले की मराठीतच. लखनौच्या त्या वीज खात्यात मराठी माणूस मी एकटा, म्हणून भाषांतर माझ्याकडे.

"सर, ये थोड़ा नाराज़ हैं."

"वो तो हम समझ गए," साहेब म्हणाले.

उसाच्या चिपाडावर चालणारं त्यांचं वीजघर तयार होतं, ग्रिडला जोडायचं तेवढं राहिलं होतं. कारखान्याच्या मालकाने त्यांना बजावलं होतं, या हंगामात वीज विकली गेली नाही तर टर्बाइन विकीन आणि तुम्हीही सांगलीची गाडी धरा. इकडे माझ्या घरी वीज इतकी पाहुण्यासारखी यायची की आली की बायको चहा टाकायची.

पण नियम म्हणजे नियम! अर्ज ज्याचा आधी, जोडणी त्याची आधी. रांगेतल्या पहिल्याने उपकेंद्र, म्हणजे सबस्टेशन, बांधायचं, मागच्यांनी आपल्या तारा तिथे आणायच्या. हा पहिला आहे तरी कोण, म्हणून मी आणि इंजिनियर स्कूटरवरून शहराबाहेर, चिनहटच्याही पुढे गेलो. वीजघराच्या जागी एक पाटी, आणि पाटीच्या खांबाला म्हैस. ऐरावताची सख्खी बहीण!

"हिच्या मागे उभा आहे होय मी," ते म्हणाले.

मग मी पेटलो. जो तयार तो आधी, नुसते कागदावरचे बाद करा, अशी टिपणं लिहीत सुटलो. एवढी, की ती टाकून गोमती अडवता आली असती. हंगाम संपत आला तेव्हा कुठे साहेबांनी सही केली. पहिलं नाव बाद! मी सगळ्या खात्याला पेढे वाटले.

साहेबांनी पेढा चघळत विचारलं, "तो अब सबस्टेशन कौन बनाएगा, भाई? पीछे वालों का सारा हिसाब उसी पर था. अब नए सिरे से होगा. अगले सीज़न तक, मान के चलिए."

उरलेले पेढे मी खोक्यात परत ठेवले. तरी मी कारखान्याला फोन लावला. चांगली बातमी आधी, आणि तीही ओरडून: "अहो, म्हैस हलली!" मग आवाज खाली आणून नव्या हिशेबाचं सांगितलं.

"टर्बाइन काल ट्रकवर चढवलं," ते म्हणाले. "मी सामान बांधतोय."