टोपलीवाल्याला जड शब्द

"ही आमची माळ्याची डिक्शनरी. टाका शब्द," वकीलसाहेब पाहुण्यांना म्हणाले. मी ओट्यावर हात बांधून उभा.

अमरावतीला त्यांच्याकडे मी, माळ्याचा पोर, कागदांच्या नकला करायचो. वय बावीस. डिक्शनरीतले दहा शब्द रोज पाठ. अवघड तेवढे आधी. एवढ्या इंग्रजीवर कोणी तरी आपल्याला खुर्ची देईल, असं वाटायचं. रविवारी चहा झाला की मला उभं करत. कोणी शब्द टाकायचा, मी अर्थ सांगायचा. बरोबर आला तर हशा, चुकला तर जास्त हशा. बस म्हणून कोणी म्हटलं नाही. आणि मला ते आवडायचं. हे आजवर कुणाजवळ बोललो नाही.

त्या रविवारी वांग्यांचं टोपलं घेऊन फाटकातून बाबा आले. विकायला. हे माझे वडील, हे वकिलांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

एक पाहुणा म्हणाला, "आज उलटं करू. या टोपलीवाल्याला एक शब्द दे. जड पाहिजे."

मी म्हणालो, "अनकूथ."

म्हणजे रानटी, गावंढळ. सगळे हसले. पोराचं कौतुक होतंय समजून बाबाही हसले.

रस्त्यात त्यांनी विचारलं, "मले काय म्हनलं रे बापू?"

"मेहनती," मी म्हणालो.

आठवडाभर भाजीबाजारात ते सांगत फिरले, "माह्या पोरानं मले सायबाच्या भाषेत अनकूथ म्हनलं." हायस्कूलच्या एका मास्तरांनी ते ऐकलं. त्यांनी मान खाली घातली. मी शेजारीच होतो.

पुढच्या रविवारी हाक आली. मी ओटा चढलो नाही. खालूनच म्हणालो, "तो टोपलीवाला माझा बाप आहे. आता शब्द टाकायचे नाहीत."

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "तोंड तुझंच होतं ना?"

खरं होतं. त्यांना माफी नाही, तशी मलाही नाही.

अकोल्याला आलो. कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसलो. बाबा गेले, खरा अर्थ त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

वकिलांनी बाळापूरकडे ज्यांची शेतीची वावरं दाबली, ते लोक आता माझ्याकडे येतात. जिल्ह्याच्या डिप्टी कमिशनरला मी त्यांचे अर्ज इंग्रजीत लिहितो. पाठ केलेले जड शब्द वकिलांच्या नावापुढे एकेक बसवतो. खोटं लिहावं लागत नाही. दोघांची वावरं सुटली.

परवा वकिलांचा माणूस आला. म्हणाला, "साहेब म्हणतात, जुनी ओळख आहे, एवढा अर्ज मागे घे."

मी म्हणालो, "त्याईले सांग, अजून दोन लिहून राहिलो."