थांबा सांगणारा हात

तुमच्या आजोबांचा हात थरथरतो हे सर्वांत आधी मला कळलं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. तुमच्या बाबांनाही नाही. त्यातून काय होणार होतं, ते तुम्हाला क्रमाने सांगते.

आजोबा रेल्वेच्या ब्रेकडाउन गँगमध्ये होते हे तुम्हाला ठाऊक आहे. कुठे गाडी रुळांवरून घसरली की ही माणसं वाफेवर चालणारी मोठी क्रेन घेऊन निघत आणि डबे उचलत. ती क्रेन इंग्रजांच्या काळात जहाजाने आलेली. गार बॉयलरमध्ये वाफ धरायला कितीतरी तास लागत, म्हणून तिच्या पोटातली आग विझू देत नसत. शेडचा भोंगा वाजला की आजोबा भरल्या ताटावरून उठत. मी मात्र ते परत येईपर्यंत घास गिळू शकत नसे. पुढे डिझेलच्या क्रेन आल्या, वाफेची यार्डात गंजत पडली, आजोबा निवृत्त झाले. मला वाटलं, सुटले.

मग त्यांनी त्याच क्रेनचं मॉडेल करायला घेतलं. भंडाऱ्याहून पितळी पत्रा आणला, जुन्या घड्याळांची चाकं जमवली. लोखंडी दोराच्या जागी सोंडेवरच्या, म्हणजे ओझं उचलणाऱ्या लांब दांड्यावरच्या, चाकांसारख्या कप्प्यांतून दोरा ओवायचा होता. एका सकाळी अर्धा तास ते ओवत होते. दोरा कप्पीपाशी यायचा आणि बाजूने निघून जायचा.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"डोळे गेले माझे," ते म्हणाले.

डोळे नव्हते गेले. त्यांचा अंगठा आणि शेजारचं बोट, विडी वळावी तशी एकमेकांवर फिरत होती. काम थांबवून हात मांडीवर ठेवला तरी फिरतच होती. मी मुकाट्याने दोरा ओवून दिला. त्यानंतर तीन महिने बारीक काम मीच करत होते, विषय न काढता.

अशात जुनी क्रेन स्टेशनबाहेर चौथऱ्यावर मांडून जपायचं ठरलं. यार्डातला फोरमन घरी आला.

"काका, साखळी कुठं बांधाची, तोल कुठं राहते, हे तुमच्याबिगर कोणाले माहीत? अन् इशारेबी तुमीच द्या जी."

आजोबा इतके खूश! "चाळीस वर्षं बायकोच्या इशाऱ्यावर नाचलो. आता मी क्रेन नाचवतो," म्हणाले. फोरमन हसला. मी चहा आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

का, ते समजण्यासाठी त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी. ओझं उचलताना इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून एकच माणूस हाताने इशारे देतो आणि क्रेनवाला त्याच्या हाताशिवाय कशाकडे पाहत नाही. तळहात जमिनीकडे करून खालीवर हलवला, की ओझं खाली घे. तोच तळहात स्थिर धरला, की थांब. फरक फक्त हात हलण्याचा. 'थांब' मात्र कुणीही सांगावं आणि क्रेनवाल्याने ते मानावं, असा त्यांचा नियम.

"जाऊ नका जी," मी म्हटलं.

"काहून?"

कारण जिभेवर होतं. "ऊन आहे," मी म्हटलं.

"ऊन तं तेव्हाबी राहेच."

त्या दिवशी मीही त्यांच्यासोबत गेले. क्रेनचं धड चौथऱ्यावर बसवून झालं होतं. लांब सोंड जमिनीवर होती. ती उचलायला साकोलीहून भाड्याची मोबाइल क्रेन आणलेली. आजोबा गळ्यात शिट्टी अडकवून ताठ उभे राहिले. सोंड आधी वीतभर उचलून तशीच धरली, साखळी तपासली, मग वर घेतली. सगळं ठीक चाललं होतं. सोंड टेकवायला चौथऱ्यावर लाकडी ओंडके मांडले होते; ती त्यांच्या वर आली, तेव्हा एक ओंडका तिरपा दिसला. आंधळगावचा एक खलाशी, म्हणजे गँगमधला मजूर, तो सरळ करायला सोंडेखाली वाकला. आजोबांनी तळहात आडवा धरला. थांब.

हात थरथरत होता. सोंड खाली येऊ लागली.

आजोबा आपल्या हाताकडे पाहत नव्हते. नजर ओझ्यावरून काढायची नाही, हेच ते आयुष्यभर शिकले होते. क्रेन ऐकत नाही असं वाटून त्यांनी हात आणखी जोराने पुढे केला. थरथर वाढली. क्रेनवाल्याने ते 'लवकर खाली' असं वाचलं. खलाशाची पाठ मला दिसत होती, घामाने भिजलेला सदरा, आणि त्यावर सरकत येणारी सावली.

मी बघ्यांसाठी बांधलेली दोरी ओलांडून क्रेनवाल्यासमोर दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "थांबा!"

सोंड थांबली. तिच्यात आणि त्या पाठीत हातभरसुद्धा जागा नव्हती. खलाशी रांगत बाहेर आला, वर पाहिलं, आणि तिथेच मातीत बसला.

"काकू, हे बायांचं काम नोहे, मागं व्हा," फोरमन धावत आला. मग त्याने आजोबांचा हात पाहिला. तो अजून पुढेच होता, आणि हलत होता. आजोबांनी शिट्टी गळ्यातून काढली. "घे. तू दे इशारे. मी तोंडानं सांगतो." तसंच पुढचं काम झालं. सोंड नीट बसली.

घरी येईपर्यंत ऑटोत ते उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते. मी बोलणी खायची तयारी ठेवली. ओरडल्याबद्दल, चारचौघांत लाज काढल्याबद्दल.

"कधीपासून माहीत होतं तुले?" त्यांनी दारातच विचारलं.

"तीन महिने झाले."

"अन् मले जाऊ देलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं म्हणून."

"तो मेला असता, तं मले कसं वाटलं असतं?"

ते खुर्चीत बसले आणि हात माझ्यासमोर धरून म्हणाले, "पाह्य. नीट पाह्य. अन् मले सांग, किती हालते."

मी पाहिलं. आणि सांगितलं. मग तुमच्या बाबांना फोन लावला, आणि तिकडून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी मी दिली नाहीत. फोन आजोबांच्याच हातात दिला.