कार्लच्या आजोबांचं रेकॉर्डिंग

सांगायची लाज वाटते, पण सांगतोच. माणूस शेजाऱ्याच्या फ्युनरलला जातो ते गप्प बसायला. मीही गप्प बसलो होतो, आणि तरी अख्ख्या हॉलमध्ये माझाच आवाज घुमत होता.

इंग्लंडात, रीडिंग गावात आमच्या शेजारी कार्ल राहायचा. मूळचा अमेरिकेतला, मिनेसोटाचा. बायको इंग्लिश, म्हणून तरुणपणीच इकडे आला आणि इथलाच झाला. त्याचे आजोबा लहानपणी नॉर्वेहून बोटीनं अमेरिकेला गेलेले. ती सगळी हकिगत घरात आता फक्त कार्लला ठाऊक होती, आणि कार्लच्या फुफ्फुसांनी हात टेकले होते.

त्याची मुलगी लिंडा मिनेसोटात. तिचा मला फोन आला. "डॅडजवळ जरा बसाल का? त्याला बोलतं करा, रेकॉर्ड करा. इथे नॉर्वेहून आलेल्या घराण्यांच्या आठवणी जपणारी मंडळी आहेत, त्यांना द्यायचंय."

"त्यात काय," मी म्हणालो, "बोलणं हा तर आपला प्रांत."

स्मिता, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "अरे, तिला तू बोलायला नको आहेस. ऐकायला हवा आहेस."

कळतं हो मला! फोन चार्ज करून रोज दुपारी कार्लकडे जायला लागलो. तो दमायचा, पण हसायचा. मला वाटलं, छान चाललंय. तो गेला तेव्हा फाइल तशीच लिंडाला पाठवली. एकदा ऐकून बघावं, हे काही सुचलं नाही.

लिंडानंही ऐकलं नव्हतं. तिला एकटीला धीर होईना. फ्युनरलनंतर सगळे चहा-सँडविच घेऊन बसल्यावर तिनं स्पीकर लावला.

कार्लचा आवाज आला. धापा टाकत, सावकाश. "आजोबा तेव्हा लहान. बरोबर त्यांची आई आणि धाकटी बहीण, इंगा. बोटीवर इंगाला ताप भरला. मग एका पहाटे..."

"बोटीवरून आठवलं," हा मी. "आमचे आजोबा मालवणहून मुंबईला बोटीनं आले, ते मांडीवर फणस घेऊन."

"फणस म्हणजे?" कार्लनं विचारलं.

झालं. मी फणस सांगितला. काटे, गरे, चीक, चिकाला लावायचं तेल. मग बोट लागून आजोबा आडवे आणि फणस डेकवर मोकाट. मध्ये कार्ल म्हणतोय, "तर इंगाला त्यांनी..." आणि मी म्हणतोय, "थांब, खरी गंमत पुढेच आहे."

हॉलमध्ये आधी एकदोघं हसले. नंतर कुणी हसेना. स्मिता स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

लिंडानं स्पीकर बंद केला आणि माझ्याजवळ आली.

"इंगाचं काय झालं?"

"माहीत नाही."

"डॅडनं सांगितलं नाही?"

"सांगत होता. मी सांगू दिलं नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "फाइल मी देईन त्या मंडळींना. डॅड त्यात हसतोय. माझ्याशी फोनवर शेवटी शेवटी तो हसायचाच नाही."

परवा मिनेसोटाहून त्या मंडळींची ईमेल आली. रेकॉर्डिंग मनापासून ऐकलं, आभारी आहोत, फक्त एक शंका आहे म्हणाले. मालवण हे गाव नॉर्वेच्या नेमक्या कुठल्या भागात येतं?