शर्टाला दारूचा वास होता

"दारू उतरली की बोलेल. बाहेर बसवा याला."

इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला. बाकावर कलंडलेला माणूस माझा धाकटा भाऊ. नातवंडांनो, तुमच्या आईचा मामा. तोंड एका बाजूला ओघळलेलं. उजवा हात लोंबकळत होता. नुसतं गुरगुरणं, शब्द नाही.

शर्टाला दारूचा वास होता, हे खरं. मासेमारीचा हंगाम सुरू होताना आमच्याकडचे कोळी बोटीच्या तोंडावर दारूची धार सोडतात. त्या सकाळी आमच्या चौक गावच्या किनाऱ्यावर धार सोडता सोडताच तो कोसळला. बाटली अंगावर सांडली. थेंबभरही प्यायला नव्हता.

त्याची बायको, माझी भावजय, जिला मी वहिनीच म्हणते, सांगत होती, "डॉक्टर, यो प्यायलेला न्हाय. हात उचलत न्हाय त्याचा."

मीही तेच सांगितलं. मेंदूचा स्कॅन करा म्हटलं. आम्ही दोघी अजून बोटीच्या पूजेच्या नऊवारीतच होतो.

वॉर्डबॉय हसला. "मावशी, स्कॅन क्या होता है मालूम है? लिंबू पिलाओ, लिंबू."

शेजारच्या बाईने पर्स उचलून जागा बदलली. आम्ही पुन्हा पुन्हा उठून गेलो. पुन्हा पुन्हा बसवलं. दुपार झाली. भावाचा पायही लुळा पडला.

तोवर मी इंग्रजी बोलले नव्हते. डॉक्टर मराठी, आम्ही मराठी. गरज का पडावी? जन्मभर मीरा रोडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, ते यासाठी नव्हे. पण मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि तीच वाक्यं इंग्रजीत म्हटली.

तो उठलाच. "मॅडम, आधी सांगायचं ना!"

"सांगितलंच होतं."

"म्हणजे... असं नीट."

स्ट्रेचर धावत आलं. माझ्यासाठी खुर्ची आली. वहिनीसाठी नाही. मी बसले नाही.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. गुठळीने रक्त अडवलं होतं. वेळेत पाहिलं असतं तर ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. आता उशीर झाला होता. मेंदूचा तो भाग पडद्यावर काळसर दिसत होता. मेला होता.

भाऊ जगला. बोलत नाही. वहिनी पेज भरवते, अर्धी हनुवटीवरून ओघळते. समुद्राकडे तोंड करून बसवलं तर रडतो.

मी तक्रार केली. उद्या हॉस्पिटलने मला केबिनमध्ये बोलावलंय. "मॅडम, गैरसमज झाला, चहाला या." मला एकटीला.

मी वहिनीला घेऊन जाणार आहे. मागणी एकच. तोंड वाकडं झालेला, हात पडलेला माणूस दारात आला, की अंगाला कसलाही वास येवो, आधी स्कॅन. हे वहिनी सांगेल, तिच्या बोलीत. ते माझ्याकडे बघतील. तिचं एकही वाक्य मी त्यांना इंग्रजीत सांगणार नाही. तिला उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही तिथून उठणार नाही.